बसमधलं अंगण

"मी शाळेची बस आणली," असं पांढुर्ण्याला भावाला फोनवर सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "कोणाले सोडाले आली?"

बस कोणाला सोडायला आली नव्हती. ती मी विकत घेतली होती, आणि सौंसरला आमच्या घरासमोर ती अशी उभी होती की तिचं मागचं टोक शेजाऱ्यांच्या दाराशी गेलं होतं. शेजारीण दोनदा बाहेर येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मीच म्हटलं, काकू, या ना, आत बसून बघा. ती बसली नाही, पण चाकाला हात लावून गेली.

ज्या शाळेत मी गणित शिकवलं, तिचीच ही बस. सकाळी लोधीखेड्याकडून आणि बोरगावकडून पोरं आणायची, संध्याकाळी सोडायची. माझी निवृत्ती व्हायच्या आधी शेवटची काही वर्षं बसची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणजे खिडकीबाहेर हात काढणाऱ्यांवर ओरडायचं काम. बसचं वय झालं, मुलं न्यायला ती चालणार नाही असं ठरलं, आणि शाळेने ती विकायला काढली. कोणत्या सीटखाली कोण ओकलं होतं, कोणती खिडकी पावसात लागत नाही, हे सगळं मला पाठ होतं. अनोळखी नव्या गाडीपेक्षा ओळखीची जुनी बरी, असा मी विचार केला. खरं सांगायचं तर विचार फारसा केलाच नाही. मला ती बस बघताक्षणी पाहिजे झाली.

पाहिजे झाली ती आईसाठी.

माझी आई माझ्याजवळच राहते. दोन्ही गुडघे गेलेले. काठी घेऊन घरात हिंडते, स्वयंपाकात लुडबुड करते, माझ्या वरणाला नावं ठेवते. पण गेली काही वर्षं ती कुठेही जात नव्हती. भाच्याच्या लग्नाला आली नाही. गुडघे दुखते, म्हणाली. मग बुलढाण्याकडे चिखलीजवळच्या गावी तिच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे, आमच्या मावशीचे यजमान वारले. आई तिला बाई म्हणते; लहानपणी बाईनेच आईला कडेवर घेऊन वाढवलं. तिथेही आई गेली नाही. गुडघ्याचंच कारण. बाईला ते फार लागलं. रोज येणारा तिचा फोन बंद झाला. आईने केला तर ती उचलायची, बरं आहे म्हणायची आणि ठेवून द्यायची. आई मग बराच वेळ फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. बाई ऐंशीच्या पुढची. किती दिवस हे चालणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

खरं कारण मला कळलं ते नागपूरला. डॉक्टरांकडे नेलं होतं, तर तिथल्या बाकावरच तिला चक्कर आली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी प्यायल्या नाहीत का? तर आदल्या दुपारपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी तिच्यावर इतकी ओरडले की नर्सने मला बाहेर काढलं. परत येताना गाडीत आई हळूच म्हणाली, "रस्त्यात मी कुठं बसू? खाली बसता येत नाई. बसलीच तर उठता येत नाई. कोणाले हात मागू?"

एवढीच गोष्ट होती. एवढ्याच गोष्टीपायी तिने लग्नं, बारशी, आणि बहिणीचं दुःखसुद्धा सोडलं होतं. आणि सांगायची लाज वाटते म्हणून गुडघ्यांवर ढकललं होतं. ढाब्यांवर काय असतं हे मला माहीत आहे. कमोड असला तर पाणी नसतं, पाणी असलं तर कडी नसते, आणि तिन्ही असलं तर दारात ट्रक धुवून राहिलेला माणूस असतो. मला त्या दिवशी सगळ्या रस्त्यांचाच राग आला. तो राग घेऊनच मी बस घेतली.

भावाला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी बसची लांबी विचारली. मग म्हणाला, "पांढुर्ण्याले घेऊन ये. गोडाऊन खाली आहे. पण संत्र्याचा सीझन लागायच्या पहले बाहेर काढजो, ताई. मंग मी ऐकणार नाई."

भावाचा संत्र्यांचा धंदा. बागा घ्यायच्या, माल गोडाऊनमध्ये छाटायचा, पेट्यांत भरायचा आणि रवाना करायचा. शाळेच्या बसचा जुना ड्रायव्हर बसबरोबरच घरी बसला होता. त्याला विचारलं तर तो चप्पल घालूनच उभा होता. आम्ही दोघं ती पिवळी बस घेऊन पांढुर्ण्याला निघालो. रस्त्यात जिथे जिथे गणवेशातली पोरं दिसली, तिथे तिथे ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी पुढच्या सीटवर बसले होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. म्हटलंही. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, पण इतक्या वर्षांत त्याने माझा आवाज फक्त ओरडतानाच ऐकला होता, त्यामुळे त्याला मी चूप बस म्हणते की काय असं वाटलं असावं.

सीटा काढल्या तो दिवस मी विसरणार नाही. एकेक बाक बाहेर येत गेला आणि बस आतून मोठी मोठी होत गेली. शेवटी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, उगाच. मग परत आले. मला वाटलं, यात आपण काहीही करू शकतो. झोपायला जागा, ओटा, सिंक, वर पाण्याची टाकी, खाली सांडपाण्याची टाकी, छतावर सोलरची पाटी, आणि मागे आईचा कमोड. आरटीओच्या कचेरीत भावाने विचारून आणलं होतं की शाळेची बस घरगुती राहण्याची गाडी म्हणून बदलून घेता येते, रंग मात्र पिवळा ठेवायचा नाही. मी रात्रंदिवस मोबाइलवर असल्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होते. आई म्हणायची, काय बघून राहिली गं? मी सांगायची, घर बघून राहिली. आई म्हणायची, आपल्याले आहे की घर.

लाकूडकाम भावाच्या मिस्त्रीने घेतलं. मिस्त्री म्हणजे आयुष्यभर संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकलेला माणूस. प्लास्टिकचे क्रेट आल्यापासून त्याचं काम कमी झालं होतं आणि तोंड वाढलं होतं. "घर काय अन् पेटी काय, ताई," तो म्हणाला, "माल टिकला पाहिजे." त्याचा उत्साह बघून मला बरं वाटलं. मी त्याला कागदावर सगळं काढून दिलं. तो कागद त्याने तंबाखूच्या पुडीबरोबर खिशात ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

मी आठवड्यातून दोन-तीनदा सौंसरहून पांढुर्ण्याला जायची. कधी नळ बसवलेला असायचा, कधी पंखा. ज्या दिवशी टाकी भरून पंप सुरू केला आणि सिंकच्या नळाला पाणी आलं, त्या दिवशी मी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं आणि भावाच्या अंगावरही उडवलं. घरात रोज पाणी येतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण बसमध्ये पाणी आलं! भाऊ म्हणाला, ताई, तू लहान पोरीसारखी करून राहिली. मी म्हटलं, करून राहिली तर करून राहिली.

काम होत आलं तेव्हा आईला बघायला आणलं. भाऊ कारने घेऊन आला. पांढुर्ण्याला भावाचं घर आहे, त्यामुळे तेवढं ती आली. बसला मिस्त्रीने लाकडी पायरी आणि दोन्ही हातांना धरायला दांडे लावले होते. आई चढली. मी तिच्या मागे. मला वाटत होतं ती आता खूश होऊन काहीतरी बोलेल.

तिने पलंग बघितला. पलंगाच्या पट्ट्यांमध्ये बोटबोट फटी होत्या. कपाट बघितलं, त्यालाही फटी. ओट्याखालचा ड्रॉवर ओढला, तर खालच्या फटीतून चमचा पडला. आणि मागे कमोडच्या खोलीचं दार. अख्खं दार पट्ट्यांचं, आणि दोन पट्ट्यांमध्ये पलीकडचा कमोड स्वच्छ दिसत होता.

इतके दिवस मी नळ, पंप आणि पंखे बघत होते, दाराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. "मिस्त्री, हे काय?" मी विचारलं.

मिस्त्री अभिमानाने म्हणाला, "हवा खेळली पाहिजे ना ताई, नाईतं माल सडते."

आईने त्याच्याकडे बघितलं. "मी संत्रं आहो काय रे?"

भाऊ इतका हसला की त्याला खाली उतरावं लागलं. मीही हसले असते, पण आईचा चेहरा बघून थांबले. ती दाराकडे नाही, दाराशेजारच्या भिंतीकडे बघत होती. भिंत म्हणजे प्लायवूडची एक पाटी. तिने पाटीला हात लावला, मग वळून ओट्याला. मधे काहीच नव्हतं. इकडे शेगडी, तिकडे कमोड.

"चुलीच्या पाठीले पाठ लावून?" ती म्हणाली. "मी याच्यात जेवणार नाई. अन् तिकडे तर जाणारच नाई."

आमच्या सौंसरच्या घरी संडास मागच्या अंगणाच्या पार टोकाला आहे. आईच्या खोलीला लागून एक बांधू, म्हणून मी कितीदा डोकं फोडलं. तिने होऊ दिलं नाही. शेवटी त्या टोकाच्याच संडासात कमोड बसवला, आणि आई काठी टेकत अंगण ओलांडून जाते, पावसातसुद्धा. येताना मोरीवर पाय धुते, उंबरठ्याशी थांबते आणि मगच आत येते. हे मला माहीत होतं. रोज बघत होते. पण बस करताना माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नाही. मी फक्त कमोडचा विचार केला होता, तिथे जायच्या वाटेचा नाही.

माझा पारा चढला. महिनोन्महिने मी त्या बसमागे लागले होते. "आई, ही बस आहे," मी म्हटलं. "हिच्यात काय आता अंगण करून देऊ तुले?"

मी चिडून बोलले होते. पण मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली. "किती पाहिजे?" त्याने आईलाच विचारलं.

आईने काठी भिंतीला टेकवली, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत धरून जमिनीला समांतर केला, आणि म्हणाली, "हातभर असलं तरी चालते. पण मोकळं पाहिजे."

भाऊ परत वर आला होता. त्याने बसमध्ये हातभर जागा म्हणजे काय असते हे समजवायचा प्रयत्न केला. कपाट जाईल, फ्रिज जाईल. आई म्हणाली, जाऊ दे. मी त्या मायलेकरांकडे बघत होते आणि मला एकदम इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ती नको म्हणत नव्हती. ती माप देत होती. माप दिलं म्हणजे यायचं मनात होतं.

मग ओटा पुढे सरकवला, फ्रिज गेला. ओट्यामागे पक्की भिंत, तिच्यात दार आणि खाली उंबरठा. त्या पलीकडे बसच्या रुंदीभर हातभर मोकळी जागा, दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्या, खाली रबराची चादर, आणि पाय धुवायला गुडघ्याखाली एक नळ. त्यापलीकडे पुन्हा उंबरठा आणि कमोडची खोली, दार गच्च. वेल्डिंगवाल्याने विचारलं, इथे काय ठेवणार? मी म्हटलं, काही नाही. त्याला ते पटेना. इतक्या लहान गाडीत कोणी रिकामी जागा ठेवतं का? मी म्हटलं, अंगण आहे. त्याने माप घेतलं. मला पट्ट्यांचं ते जुनं दार फेकवेना, म्हणून मिस्त्रीने त्याचं खिडकीखाली घडीचं टेबल केलं. त्याच्यावर ठेवलेलं सगळं अजूनही फटीतून पडतं.

बसला गर्द हिरवा रंग दिला. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, आटोपली, संत्र्याचा सीझन तोंडावर आला आणि भाऊ रोज विचारू लागला, कधी काढता? आम्ही एका सकाळी निघालो. ड्रायव्हर, मी, आई, आणि गोडाऊन सोडून भाऊपण. म्हणाला, रस्त्यात काही मोडलं तर कोण पाहील? खरं म्हणजे त्यालाही राहवत नव्हतं.

निघताना मी आईपुढे चहा ठेवला. तिने कप बाजूला सरकवला. "मंग घेतो," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. माझं तोंड बंद ठेवणं किती कठीण आहे हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. वरूड गेलं. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, मग कपाशी. आई खिडकीशी पलंगावर बसून सगळं बघत होती आणि भावाला बागांबद्दल विचारत होती, कोणाची काय आहे, पाणी बरं आहे का. मोर्शी गेलं. ती पाणी मागत नव्हती. मला वाटलं, गेलं सगळं. बस केली, अंगण केलं, आणि ही तशीच कोरडी बसून चिखलीपर्यंत जाणार आणि तिथे चक्कर येऊन पडणार.

अमरावतीच्या जरा अलीकडे ती म्हणाली, "चहा ठेव. अर्धा नको, पुरा ठेव."

मी शेगडी पेटवली. भावाने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. आई कप संपवून पुन्हा बाहेर बघत बसली. आणि मग, बऱ्याच वेळाने, तिने काठी हातात घेतली. ड्रायव्हरला न सांगता कळलं. त्याने एका मोठ्या कडुनिंबाखाली बस उभी केली आणि इंजिन बंद केलं. आई पहिला उंबरठा ओलांडून गेली. दार लागलं. आम्ही तिघं खाली उतरून, बसकडे पाठ करून, रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभे राहिलो, गार्ड ऑफ ऑनर असल्यासारखे. थोड्या वेळाने आतून पाय धुवायच्या नळाचा आवाज आला. मी इतकी खूश झाले की भावाच्या पाठीत एक दणका दिला. आई खिडकीतून म्हणाली, "चला आता, ऊन होते."

संध्याकाळी मावशीच्या गावी पोहोचलो. तिचा मुलगा ओट्यावर उभा होता, सून पाणी घेऊन आली. बाई आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती, चार पायांची काठी समोर. आई आत गेली आणि तिच्या समोर बसली. बाईने तिचं येणं मानलं, पण फार बोलली नाही. प्रवास बरा झाला? झाला. गुडघे? आहेत. माझं मन खट्टू झालं. आईने बाईच्या हातावर हात ठेवला, तर बाईने तो काढलाही नाही आणि धरलाही नाही.

मग बाई सुनेला म्हणाली, "गाडी पाहू दे मले." आम्ही तिला दोन्हीकडून धरून वर चढवली. आईने तिला पलंग दाखवला, ओटा दाखवला, नळ सोडून दाखवला. मग दार उघडून अंगण. बाई तिथे थांबली. खाली बघितलं, खिडक्यांकडे बघितलं, पुढचा उंबरठा बघितला. मग एकटीच आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही उभे राहिलो. बराच वेळ झाला. तिचा मुलगा खालून विचारत होता, आई बरी आहे ना?

बाई बाहेर आली, पाय धुतले, आणि आईच्या शेजारी पलंगावर बसली. तिने आईचा हात घट्ट धरला आणि हळू आवाजात विचारलं, "तुहे भाऊजी गेले तेव्हा याच्यापायी आली नाई काय तू?"

आईने मान हलवली.

"अन् मी तुह्यावर रुसून बसली," बाई म्हणाली. "अगं, मी कुठं गेली मंग? त्याईच्या अस्थी न्यायले सगळे गेले, मी गेली नाई. लोकाईले सांगतलं, गुडघे दुखते."

भाऊ खाली उतरून गेला. मी ओट्याला टेकून उभी होते, आणि मला रडायचं होतं की हसायचं होतं ते आता आठवत नाही. दोन्ही झालं असावं. बाईने खिडकीतून मुलाला हाक मारली आणि तिचं पातळ, औषधं आणि चष्मा एका पिशवीत घालून आणायला सांगितलं. मुलाने विचारलं, कुठे?

"माहेरी, बहिणीच्या घरी," ती म्हणाली. "मी जाऊन राहिली. ही घेऊन जाते मले."